पावसाआधी कोंबड्यांच्या दवाखान्याची तयारी

मृग लागायला पंधरा दिवस आहेत. इंदुरात अजून आंबे आणि घामोळ्याच चालू आहेत, पण घरामागे पाच-दहा कोंबड्या असतील तर पावसाळ्याची तयारी आत्ताच करायची. पहिली सर आली की खुराड्यातला भुसा ओला होतो, आणि मग जे काही व्हायचं ते नेमकं रविवारी संध्याकाळी होतं. राऊच्या बाजूला आमचं घर, मागे आठ कोंबड्या, त्यातल्या दोन कडकनाथ. गेल्या वर्षी अकरा होत्या.

तयारीला औषधांपासून सुरुवात करू नका. आधी एक वही आणि एक ताणकाटा आणा. कोंबडी दुखणं लपवते. कमजोर दिसली की बाकीच्या तिला टोचून काढतात, म्हणून ती अगदी शेवटपर्यंत पायावर उभी राहते आणि आपण म्हणतो, काल तर ठणठणीत होती. काल ती ठणठणीत नव्हती, आपल्याला तिचं वजन माहीत नव्हतं. रात्री सगळ्या दांडीवर बसल्या की एकेकीला उचला, भाजीच्या कापडी पिशवीत घालून काट्याला टांगा आणि आकडा लिहा. अंधारात त्या अजिबात दंगा करत नाहीत. मग छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस लागलं पाहिजे, हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर ती बरेच दिवस खंगते आहे. गळ्याखालची दाण्याची पिशवी रात्री भरलेली आणि पहाटे रिकामी हवी. पहाटेही ती दगडासारखी घट्ट असेल, किंवा पचपचीत असून तोंडाला आंबूस वास येत असेल, तर दाणा आत अडकलाय. शेपूट उचलून पिसांच्या मुळाशी बघा, उवा तिथेच असतात. निघताना दोन मिनिटं दिवा मालवून नुसते उभे राहा. घरघर किंवा शिंक दिवसाच्या गोंगाटात ऐकू येत नाही, रात्री येते.

तुऱ्याचा रंग बघा, फिका म्हणजे रक्त कमी, निळसर म्हणजे श्वास किंवा हृदयाचं काही, असं सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण झाबुव्याच्या कडकनाथला ते लावून दाखवा! २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या कोंबडीचा तुरा मुळातच काळसर, जीभ काळी. तिच्या बाबतीत वजन आणि शीट यांवरच भिस्त. म्हणून खुराड्यातल्या दांडीखाली रात्री जुना पेपर अंथरायची सवय लावा. घट्ट शीट आणि वर पांढरी टोपी, हे उत्तम. आठ-दहा वेळांतून एकदा चॉकलेटी, चिकट आणि भयंकर वासाची पडते, तीही नॉर्मलच. नवीन लोक तिलाच हगवण समजून औषध सुरू करतात. हिरवी पातळ, नुसती पांढरी पाण्यासारखी किंवा लाल दिसली तर मात्र वही उघडा आणि फोन उचला.

लाल दिसली होती, तेच सांगते. गेल्या जुलैत दोन महिन्यांच्या तीन तलंगा पंख पाडून कोपऱ्यात बसल्या. मला वाटलं, झड लागलीय, कुडकुडतायत. दुसऱ्या दिवशी शीटेत रक्त. दुकानदाराने न बघताच एक प्रतिजैविक दिलं, मीही न विचारता पाजलं. चौथ्या दिवशी तिसरीही गेली. तिला महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन उघडून बघितलं, तर आतड्याच्या टोकाच्या दोन आंधळ्या नळ्या रक्ताने गच्च. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सीडियोसिस. हा जिवाणू नाही, परजीवी आहे. शीटेतून पडलेली त्याची अंडी ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत संसर्गाला तयार होतात, आणि फिनेलला ती फारशी दाद देत नाहीत. त्यांना मारतो तो कोरडेपणा. त्यामुळे यादीतली सगळ्यात मोठी वस्तू औषध नसून भुसा आहे. सुताराकडून दोन पोती लाकडाचा कोरडा भुसा आत्ताच आणून माळ्यावर टाका, कारण जुलैत सुताराचाही भुसा दमट असतो. पाण्याच्या भांड्याखाली विटा मांडा, पत्र्याची पन्हळ खुराड्यापासून लांब वळवा. मूठभर भुसा दाबून सोडल्यावर गोळा राहिला तर तो बदलायचा.

औषधांच्या डब्यात अ‍ॅम्प्रोलियमची, म्हणजे याच रक्ती हगवणीवरच्या औषधाची, २० टक्के पावडर असू द्या. उद्रेक झाल्यास साधारण लिटरभर पाण्याला सव्वा ग्रॅम, पाच ते सात दिवस, पण डॉक्टरांना विचारून आणि पाकीट वाचून. हे मोजायला सोनाराच्या धर्तीचा छोटा डिजिटल काटा घ्या, चमच्याचा अंदाज इथे चालत नाही. आणखी एक गोष्ट पाकिटावर ठळक नसते. हे औषध परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू न देऊन काम करतं. त्याच वेळी 'ताकद येऊ दे' म्हणून बी-कॉम्प्लेक्स पाजलंत तर स्वतःच औषध मारलंत. ते नंतर द्या. बाकी डब्यात हातमोजे, मास्क, सिरिंज, जखमेला लावायला पोव्हिडोन आयोडीन, शिंपल्याचा चुरा आणि जंताचं औषध. पेंग्विनसारखी ताठ उभी राहून जोर करणारी कोंबडी म्हणजे अंडं अडकलंय. घमेल्यात कोमट पाणी, त्यात तिला पंधरा-वीस मिनिटं बसवा, मग अंधाऱ्या उबदार खोक्यात ठेवा. तासाभरात काही झालं नाही तर डॉक्टर. पोट दाबत बसू नका, अंडं आत फुटतं.

प्रतिजैविकं घरात साठवू नका, हे माझं ठाम मत. त्यातलं कोलिस्टिन तर २०१९पासून खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना द्यायला देशात बंदीच आहे. कोणतंही औषध चालू असताना अंडी किती दिवस खायची नाहीत ते डॉक्टरांना विचारून वहीत तारखेसकट लिहा.

लसीचं गाऱ्हाणं वेगळंच आहे. मानमोडीला, म्हणजे राणीखेतला, इलाज नाही, लसच आहे. लासोटा नावाची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बी या त्याच रोगाच्या दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांत पंखाच्या कातडीत टोचतात. पण कुपी येते शंभर, पाचशे डोसांची आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी कोण फोडणार? म्हणून आसपासच्या तीन-चार घरांचा एक दिवस आत्ताच ठरवा. आणायला थर्मास आणि बर्फ लागतो. पाण्यातून देणार असाल तर नर्मदेचं नळाचं पाणी वापरू नका, क्लोरीनने जिवंत लस मरते. विहिरीचं पाणी घ्या.

आजारीला वेगळं ठेवायला एक मोठं खोकं, उबेसाठी पिवळा बल्ब आणि तिचं स्वतंत्र भांडं. नवीन आणलेलीलाही तीन-चार आठवडे तिथेच. हाटातून आणलेली कोंबडी थेट खुराड्यात सोडण्यासारखा मूर्खपणा नाही, मी तो दोनदा केलाय. रोज आधी निरोग्यांचं आवरायचं, आजारीचं शेवटी, आणि चपला वेगळ्या.

दाराच्या आतल्या बाजूला जवळच्या सरकारी पशुदवाखान्याचा नंबर आणि फिरत्या पथकाचा १९६२ मोठ्या अक्षरात लिहा. एकाच दिवशी दोन-तीन पटापट मेल्या, डोकी सुजली, तुरे जांभळे पडले तर स्वतः काही करू नका, कळवा. २०२०च्या डिसेंबरात इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात मेलेले कावळे सापडले, तेव्हा भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू सांगितला होता. कावळे, पारवे दाण्यावर येणार नाहीत अशी जाळी वरून बांधा, आणि मेलेला कावळा उघड्या हाताने उचलू नका.

एखादी एकटीच मेली आणि कारण कळलं नाही तर तिला ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, खाऊ तर नकाच. पुरायची तर खोल खड्डा, वर चुना. कारण शोधायचं तर दोन पिशव्यांत गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी तपासायला न्या. फ्रीजरमध्ये गोठवली की आतलं काही नीट दिसत नाही. हा थर्मोकोलचा डबा फक्त याच कामाचा, आणि त्यावर जाड मार्करने 'कोंबडी' असं लिहा. आमच्याकडे लिहिलेलं नव्हतं, आणि यंदाच्या पाडव्याला सासूबाई राजवाड्यावरून त्यातून दीड किलो श्रीखंड घेऊन आल्या.