नशीब की कर्तृत्व? वॉरियर्सच्या यशाबद्दल बोलताना या चुका टाळा

गोल्डन स्टेट वॉरियर्स 2015 ते 2019 अशी सलग पाच वर्षं एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, अंतिम फेरीत होते. 2015, 2017, 2018 आणि मग 2022, अशी चार अजिंक्यपदं त्यांनी मिळवली. ही सद्दी नशिबाची की कर्तृत्वाची, यावर बास्केटबॉलवेडी चार माणसं बोलायला लागली की तास कसा जातो कळत नाही. दुःख याचं की त्या तासात दरवेळी त्याच चुका होतात. मी पोरांना हा खेळ शिकवतो, त्यांच्यासोबत सकाळी साडेसहाचे सामने बघतो, आणि त्याच चुका ऐकून आता कान किटले आहेत.

"नशीब किती टक्के?" असं विचारणं

या प्रश्नाला उत्तर नाही, कारण दोन्ही गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. वॉरियर्सचा तारा स्टीफन करी, त्याचा घोटा घ्या. 2011-12 च्या हंगामात तो जेमतेम 26 सामने खेळला, घोट्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. त्यामुळे 2012 च्या ऑक्टोबरमध्ये त्याने चार वर्षांचा 4 कोटी 40 लाख डॉलरचा करार स्वीकारला. पुढे जे झालं ते पाहता ही रक्कम फारच थोडी. 2016 मध्ये लीगच्या नव्या टीव्ही कराराचे पैसे आले आणि संघांची पगारमर्यादा 7 कोटींवरून एकदम 9 कोटी 41 लाखांवर गेली. करीचा पगार कमी, मर्यादा अचानक वाढलेली, म्हणून केव्हिन ड्युरांट या दुसऱ्या ताऱ्याला घ्यायला जागा झाली.

म्हणजे दुखावलेला घोटा शेवटी फायद्याचा ठरला. हे नशीबच. पण तो घोटा बरा कसा झाला? संघाच्या प्रशिक्षकांनी करीची धावण्या-वळण्याची पद्धत बदलवली, घोट्यावर येणारा भार खुब्याच्या स्नायूंवर घेतला, त्यासाठी त्याच्याकडून वर्षानुवर्षं वजनं उचलून घेतली. आणि ड्युरांट आला तो आदल्या हंगामात 73 सामने जिंकलेल्या संघात. त्या उन्हाळ्यात मर्यादा सगळ्याच संघांची वाढली होती. आता यातले टक्के काढून दाखवा.

फक्त एकाच बाजूच्या दुखापती मोजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते.

आमच्याकडे कोचिंग शिकायला येणारा एक मुलगा आहे. हुशार आहे, पण उत्तराची घाई फार. एका रविवारी तो लॅपटॉपवर तक्ता घेऊन आला आणि सगळ्यांसमोर उघडला. 2015: क्लीव्हलंडच्या केव्हिन लव्हचा खांदा पहिल्याच फेरीत निखळला, अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात कायरी अर्व्हिंगची गुडघ्याची वाटी फुटली. त्याआधी मेम्फिसचा माइक कॉन्ली चेहऱ्याचं हाड मोडल्यामुळे मालिकेच्या पहिल्या सामन्याला नव्हता. 2017: सॅन अँटोनियोचा कावाय लेनर्ड घोटा मुरगळून बाहेर, आणि तोही संघ वीसपेक्षा जास्त गुणांनी पुढे असताना. 2018: ह्यूस्टनच्या ख्रिस पॉलच्या मांडीचा मागचा स्नायू गेला, शेवटचे दोन सामने तो बाकावर. तक्त्याखाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: तिन्ही अजिंक्यपदं नशिबाची.

तक्त्यातली एकही नोंद खोटी नव्हती. मी त्याला फक्त शेजारी दुसरा रकाना काढायला लावला: वॉरियर्सच्या बाबतीत काय बिनसलं? पाच मिनिटं तो गप्प बसून टाइप करत होता. 2016: पहिल्याच फेरीत करीचा गुडघा दुखावला. अंतिम मालिकेत (चार सामने आधी जिंकेल त्याची मालिका) 3-1 ने पुढे असताना ड्रेमंड ग्रीनवर एका सामन्याची बंदी आली आणि त्याच सामन्यात अँड्र्यू बोगट जायबंदी झाला. मालिका गेली. 2019: अंतिम मालिकेत ड्युरांटची टाचेमागची शीर तुटली, पुढच्याच सामन्यात 30 गुण केलेल्या क्ले थॉम्पसनच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला. अजिंक्यपद टोरंटोला. थॉम्पसन त्यानंतर थेट 2022 च्या जानेवारीत मैदानात उतरला.

दोन्ही रकाने समोरासमोर आल्यावर "तिन्ही अजिंक्यपदं नशिबाची" हे वाक्य त्याने स्वतःच पुसलं. नशिबाने हात दिला हे खरं, हात काढून घेतला हेही खरं.

पण माझा राग एकाच रकान्यावर थांबत नाही. दुखापत लिहून झाली की लोक तो सामना बघणंच सोडून देतात. 2015 मध्ये कॉन्ली चेहऱ्यावर मुखवटा लावून दुसऱ्या सामन्यात परतला आणि मेम्फिसने मालिकेत 2-1 अशी आघाडीही घेतली. मग वॉरियर्सनी सात फुटी बोगटला मेम्फिसच्या टोनी ॲलनवर 'ठेवलं', म्हणजे खरं तर ॲलनला मोकळं सोडलं. ॲलन बचावात वाघ, पण लांबून त्याचा नेम लागत नसे. बोगट बास्केटखालीच उभा राहिला आणि मेम्फिसच्या उंच खेळाडूंना आत जागाच उरली नाही. पुढचे तिन्ही सामने वॉरियर्सचे.

अंतिम मालिकेतही तेच. अर्व्हिंग नाही, लव्ह नाही, तरीही क्लीव्हलंड 2-1 ने पुढे! त्या रात्री निक यूरेन नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या सहायकाने मागच्या वर्षीच्या अंतिम मालिकेचं चित्रीकरण बघितलं. सॅन अँटोनियोने संघात केलेला बदल त्याच्या डोक्यात बसला. बोगटला बसवा आणि आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवा, असं त्याने प्रशिक्षक मंडळींना कळवलं. मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी ते ऐकलं. इथून पुढचे तीन सामने वॉरियर्सनी जिंकले आणि इग्वोडाला मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तक्त्यात यूरेनसाठी रकाना कुठे होता?

माझी सवय साधी आहे. मालिका सुरू होण्याआधी वहीत दोन्ही संघांची नावं समोरासमोर लिहायची आणि जे बिनसेल ते त्याच दिवशी, त्या-त्या नावाखाली नोंदवायचं. निकालानंतर आठवून लिहायला बसलात की आठवणी जिंकणाऱ्याच्या किंवा हरणाऱ्याच्या बाजूने झुकलेल्याच असतात.

निकाल बघून निर्णयाला गुण देणं

"ड्रेमंड ग्रीनला 35 व्या क्रमांकावर उचललं, काय पारख!" पारख होतीच. पण त्याच 2012 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, वॉरियर्सनी सातव्या क्रमांकावर हॅरिसन बार्न्स आणि तिसाव्यावर फेस्टस एझिली घेतला. ग्रीन पुढे काय होणार हे खरंच दिसत असतं, तर त्यांनीही त्याला दोनदा सोडलं नसतं. मग 2014 च्या हंगामाआधी त्या जागी खेळणाऱ्या डेव्हिड लीचा स्नायू दुखावला, ग्रीन सुरुवातीच्या पाचात आला आणि ती जागा त्याने सोडलीच नाही. तो सातवा क्रमांकसुद्धा हातात राहिला तो टोरंटोशी विजयांच्या संख्येत झालेली बरोबरी नाणेफेकीत सुटली म्हणून. आठवा आला असता तर जुन्या व्यवहारापोटी तो युटाला द्यावा लागला असता.

उलट बाजूही बघा. 2020 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी जेम्स वाइजमन घेतला. पारखणारी माणसं तीच, पण 2023 मध्ये वाइजमन संघाबाहेर.

तेव्हा निर्णयाला गुण द्यायचे तर त्या दिवशी काय माहीत होतं त्यावर द्या. 2014 मध्ये थॉम्पसनला देऊन केव्हिन लव्ह आणायचा विचार चालला होता. सल्लागार जेरी वेस्टने ठाम विरोध केला. लव्ह तेव्हा लीगमधला मोठा तारा होता आणि बहुतेकांच्या मते सौदा फायद्याचा होता. वेस्ट बघत होता थॉम्पसनचा बचाव आणि करीशेजारी त्याची जागा. असा निर्णय पुढे फसला असता, तरी मी त्याला चांगलाच म्हटलं असतं.

"ते 27 थ्री" पुराव्यासारखे फेकणं

2018 ची पश्चिम विभागाची अंतिम मालिका, सातवा सामना. ह्यूस्टन घरच्या मैदानावर मध्यंतराला 11 गुणांनी पुढे. पण दुसऱ्या सत्रापासून चौथ्यापर्यंत त्यांचे सलग 27 थ्री, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे फटके, चुकले. एकूण 44 पैकी 7 लागले आणि सामना 101-92 असा वॉरियर्सकडे गेला. "कावळा बसायला आणि फांदी तुटायला" हे वाक्य या सामन्याबद्दल मी इतकं ऐकलंय की आता थेट हिशोबच समोर ठेवतो.

त्या हंगामात ह्यूस्टनचे थ्री सुमारे 36 टक्के लागत. म्हणजे प्रत्येक फटका चुकण्याची शक्यता 64 टक्के. ओळीने 27 फटके चुकण्याची शक्यता मग दीड लाखात एकाहूनही कमी. इथेच सगळे थांबतात. पण दमलेले पाय, पॉल नाही, चेंडू एकट्या जेम्स हार्डनच्या हातात आणि समोर वॉरियर्सचा बचाव, असं असताना 36 टक्के धरायचे कशाला? 28 धरा. तोच आकडा सात हजारांत एकाच्या आसपास येतो. शिवाय 44 फटक्यांत अशी रांग कुठूनही सुरू होऊ शकते, त्यामुळे शक्यता आणखी वाढते. तरीही ती दुर्मीळच राहते. ह्यूस्टनचं नशीब त्या रात्री खरंच वाईट होतं. ते नाकारणाऱ्या वॉरियर्सभक्तांशीही मी तितकाच भांडतो.

मात्र एक गोष्ट विसरू नका. सामन्याला सरासरी 42 थ्री मारायचे, हा मार्ग ह्यूस्टनने स्वतः निवडला होता आणि त्याच मार्गाने त्यांनी त्या हंगामात 65 सामने जिंकले. जास्त थ्री मारणाऱ्याच्या चांगल्या रात्री फार चांगल्या असतात आणि वाईट रात्री फार वाईट. त्या सामन्याचं चित्रीकरण काढा आणि प्रत्येक चुकलेल्या थ्रीपुढे लिहा: मोकळा होता की अंगावर हात होता? माझ्याकडचा प्रत्येक नवा मुलगा हे करतो. कंटाळा येतो, मान्य आहे. पण हे न करता त्या सामन्यावर मत देणाऱ्याशी मी बोलत नाही.

शेवटचं रूप बघून नक्कल करणं

तीस फुटांवरून फटका मारणारी दहा वर्षांची पोरं प्रत्येक मैदानावर दिसतात. हात पुरत नाही म्हणून चेंडू कमरेपासून ढकलतात, आणि एकदा कोपर बाहेर गेलं की ते परत आत आणायला मला वर्षं लागतात. करी सामन्याआधी दोन्ही हातांनी दोन चेंडू एकाच वेळी टप्पे देत खेळवतो, मग बास्केटजवळून सुरुवात करून हळूहळू मागे सरकतो. ते बघा. माझ्याकडे पाच फुटांवरून नेम बसल्याशिवाय कुणी मागे जात नाही, आणि पालकांनी घाई केली तरी हा नियम बदलत नाही.

सगळं श्रेय मालकाच्या दूरदृष्टीला देणं

मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे 2010 नंतर वॉरियर्सच्या मालकवर्गात होते. 2013 मध्ये त्यांनी सॅक्रामेंटो किंग्ज विकत घेतला. त्यांनीच 2019 मध्ये तो संघ मुंबईत सराव सामन्यांसाठी आणला, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पण सॅक्रामेंटोत वर्षामागून वर्षं प्लेऑफविना, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीविना, गेली. मायकल मलोन या प्रशिक्षकाला त्यांनी 2014 मध्ये काढलं, आणि त्याच मलोनने 2023 मध्ये डेन्व्हरला अजिंक्यपद मिळवून दिलं. 2018 च्या ड्राफ्टमध्ये किंग्जनी लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅग्लीला घेतलं. माणूस तोच, हुशारी तीच. अखेर 2023 मध्ये, 2006 नंतर पहिल्यांदा किंग्ज प्लेऑफमध्ये आले, वॉरियर्सना सातव्या सामन्यापर्यंत खेचलं, आणि त्या सामन्यात करीने 50 गुण केले.

आणखी काही, थोडक्यात

"मिनेसोटाने करीला सोडलं म्हणून" – ड्राफ्टमध्ये पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर मिनेसोटाने करीच्याच जागेवर खेळणारे दोन गार्ड घेतले आणि करी सातवा गेला, हे खरं. पण चौथ्यावर किंग्जनीही त्याला सोडला होता. एकट्या मिनेसोटाला किती वर्षं झोडपणार?

"पहिला क्रमांक मिळाला की संघ उभा राहतो" – क्लीव्हलंडला 2011, 2013 आणि 2014 असा तीनदा पहिला क्रमांक मिळाला. 2013 मध्ये त्यांनी घेतलेल्या अँथनी बेनेटचं नाव आज किती जणांना आठवतं?

"सॅन अँटोनियोला टिम डंकन लॉटरीत लागला" – लागला, ड्राफ्टचे पहिले क्रमांक सोडतीनेच ठरतात. पण मानू जिनोबिली 57 व्या क्रमांकावर आणि टोनी पार्कर 28 व्या क्रमांकावर मिळाला. त्यांच्यापर्यंत कोणतीच लॉटरी पोचत नाही.