मूल पहिलीत जातंय? शाळेत जाऊन काय काय बघायचं

मुलगी पहिलीत गेली तेव्हा मी पण युनिफॉर्म, वह्या आणि डबा एवढंच बघितलं होतं. मग ऑगस्ट 2024 ला बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण झालं, आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं, आणि आमच्या ऐरोलीच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आठवडाभर नुसता संताप. संतापून काय होणार, म्हणून जे करून बघितलं ते सांगते.

पहिलं म्हणजे शाळेत जाऊन विचारा सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती, आहे का. 2022 चा जीआर आहे, प्रत्येक शाळेत पाहिजे, पालकांचे प्रतिनिधी पण असतात त्यात. "हो आहे ना" म्हणाले की लगेच परत फिरू नका, शेवटची मीटिंग कधी झाली ते विचारा. आमच्याकडे बोर्ड एकदम चकाचक, नावं पण सगळी, फक्त त्यातल्या एका ताईंची मुलगी दोन वर्षांपूर्वीच शाळा सोडून गेलेली! तक्रारपेटी होती ती माझ्या खांद्याला लागेल एवढ्या उंचीवर, आता पहिलीतलं पोर त्यात चिठ्ठी टाकणार कसं?

सीसीटीव्ही किती हे मोजत बसण्यापेक्षा टॉयलेटच्या पॅसेजमध्ये मधल्या सुट्टीत मावशी उभ्या असतात का ते बघा. स्टाफचं, व्हॅनवाल्या काकांचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का तेही विचारा, आणि बदली ड्रायव्हर येणार असेल तर आधी मेसेज आलाच पाहिजे.

घरी एक शब्द ठरवा. आमचा आहे थालीपीठ (आता बदलणार अर्थात). न्यायला आलेल्याला शब्द सांगता आला नाही तर बाईंचा हात सोडायचा नाही, मग तो कोणी का असेना. एकदा माझा सख्खा भाऊ शब्द विसरला आणि भाचीने त्याला गेटवर वीस मिनिटं ताटकळत ठेवलं, मामा जाम वैतागला, मी तिला आईस्क्रीम दिलं.

शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं नीट शिकवा, मुलग्यांना पण. आणि रोज "कोणी काही केलं का" अशी उलटतपासणी नको, पोर गप्प बसतं. डबा घासायला काढताना "आज कोणाचा राग आला?" एवढंच विचारलं तरी बरंच बाहेर येतं. शाळेत शू धरून ठेवणं, अचानक अंथरूण ओलं होणं, ठराविक वारीच शाळेला नाही म्हणणं, हे नाटक समजून सोडू नका.

मुलाने काही सांगितलंच तर किंचाळू नका, खरं की खोटं विचारू नका, आजी काका सगळ्यांसमोर परत परत वदवून घेऊ नका. त्याचेच शब्द तारखेसकट लिहून ठेवा, कपडे धुवू नका. 1098 ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, रात्री पण लागतो. शाळा म्हणेल आतल्या आत मिटवू, तर ऐकायचं नाही, 2012 च्या पोक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं शाळेवर पण बंधनकारक आहे, नाही कळवलं तर शिक्षा आहे. मुलाचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी, तेही युनिफॉर्म न घालता. आणि कृपा करून ग्रुपवर मुलाचं नाव, फोटो काही टाकू नका, मदत करायला निघालेलेच हे करतात.

आमची तक्रारपेटी आता बाकाच्या उंचीला आलीय. पहिल्या आठवड्यात एकच चिठ्ठी निघाली, "पीटीच्या तासाला गणित घेतात".