मिरचीची रोपं बाहेर लावताना

मिरचीचं रोप वीतभर उंच झालं, पाच-सहा पानं आली की हात शिवशिवतात. पण खिडकीत वाढलेलं पान अजून कोवळं असतं. त्याच्यावरचा मेणाचा थर पातळ असतो. अशा पानावर एकदम दुपारचं ऊन आलं की पांढरे, कागदासारखे कोरडे चट्टे पडतात आणि ते पुन्हा कधी हिरवे होत नाहीत. त्यामुळे माझ्या मते रोप जगतं ते लावणीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत.

पहिल्या दिवशी ट्रे सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर ठेवायचा, मग सावलीत. रोज तास-दोन तास वाढवत न्यायचे. दुपारचं ऊन अगदी शेवटी. या दिवसांत खत बंद, आणि पाणी वरची माती सुकल्यावरच. वारं मात्र लागू द्या. हलणारं खोड जाड होतं. रात्रीचं तापमान 12-13 अंशांच्या खाली जात असेल तर लावणीची घाई नको. गारठ्यात मिरची जी खुंटते ती पुढे किती तरी दिवस हलत नाही.

लावणी संध्याकाळी करा. तासभर आधी ट्रेला पाणी द्या, म्हणजे मातीचा गड्डा अखंड निघतो. रोप खोडाला धरून ओढू नका, खालून ढकला. ट्रेमध्ये होतं तेवढंच खोल लावा. टोमॅटोसारखी मिरचीच्या गाडलेल्या खोडाला भराभर मुळं फुटत नाहीत. दोन रोपांत दीड फूट ठेवा.

आता कुरतडणाऱ्या अळीचा बंदोबस्त. सकाळी रोप जमिनीलगत कापून आडवं पडलेलं दिसलं तर शेजारची माती बोटाने उकरा, राखाडी अळी वेटोळं करून बसलेली सापडेल. ती रात्री येते. त्यासाठी मी पुठ्ठ्याची चार बोटं उंच कडी करून रोपाभोवती बसवते, त्यातलं एक बोट मातीत. एवढ्याने रोप वाचतं, फवारणी लागत नाही.

पहिले चार-पाच दिवस दुपारच्या बाजूला शेडनेटचा आडोसा करा. दुपारी पानं मलूल दिसली आणि संध्याकाळी ताठ झाली, तर पाणी ओतू नका. खोडाशी सतत ओल राहिली की रोप बुडातून कुजून कोलमडतं. लगेच कळी आलीच तर खुडा. जीवावर येतं, पण आधी मुळं वाढू देत.

शेंड्याला नवं पान फुटलं की आडोसा काढा. पुठ्ठ्याची कडी मात्र खोड पेन्सिलीएवढं जाड होईपर्यंत राहू द्या.