नागरिकत्वाच्या मुलाखतीला जोडीदाराला नेताना या चुका टाळा

अमेरिकी नागरिकाशी झालेल्या विवाहाच्या आधारावर, म्हणजे ग्रीन कार्डावर पाचऐवजी तीनच वर्षे पुरेशी मानणाऱ्या नियमाने, नागरिकत्वासाठी अर्ज केलेल्या मंडळींच्या हाती मुलाखतीची नोटीस पडली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : नवऱ्याला किंवा बायकोला बरोबर न्यावेच लागते का? मी वकील नाही. माझी स्वतःची मुलाखत पाच वर्षांच्या नियमाने झाली आणि पत्नीची तीन वर्षांच्या. त्यानंतर ओळखीतल्यांच्या फायली तपासून देण्याचे काम माझ्याकडे आपोआप आले आणि तेव्हापासून मी त्याच त्या चुका पाहतो आहे. प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जाच्या मुलाखतीला जोडीदाराने हजर राहिलेच पाहिजे अशी सरसकट सक्ती नाही. लोक एवढेच ऐकून निघून जातात, आणि ज्यांच्या बाबतीत जोडीदार खरोखर लागतो त्यांची पंचाईत इथूनच सुरू होते.

आय-७५१ चा निकाल बाकी असताना एकट्याने जाणे

ग्रीन कार्ड मिळाले त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर कार्ड सशर्त असते आणि त्याची मुदत दोनच वर्षांची असते. ती मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत कार्डावरची अट काढून घेण्यासाठी पती-पत्नीने मिळून आय-७५१ हा अर्ज करायचा असतो. त्याचा निकाल इतका रेंगाळतो की अनेकांची तीन वर्षे मधल्या काळातच भरतात, आणि मग ते एन-४०० ही भरून मोकळे होतात. यात गैर काही नाही. मात्र आय-७५१ मंजूर झाल्याशिवाय यूएससीआयएस, म्हणजे अमेरिकेचे इमिग्रेशन खाते, नागरिकत्व देऊ शकत नाही, त्यामुळे एकच अधिकारी एकाच बैठकीत दोन्ही फायली उघडतो, असे वारंवार घडते. आय-७५१ वर दोघांच्या सह्या असतात. म्हणून त्याविषयी विचारपूस करायची झाली, तर दोघांनाही समोर बसवण्याचा अधिकार त्याला असतो.

ओळखीतल्या एका तरुणीला मी हे आदल्या आठवड्यात दोनदा सांगितले होते. तिचे म्हणणे असे, की नोटिशीवर फक्त एन-४०० लिहिलेले आहे, मैत्रिणीच्या वेळी नवऱ्याला कोणी विचारलेही नव्हते, आणि त्या दिवशी नवऱ्याला कामानिमित्त दुसऱ्या शहरात जायचे आहे. ती एकटीच गेली. इंग्रजी वाचन-लेखनात काही अडचण आली नाही. नागरिकशास्त्राच्या जुन्या परीक्षेतल्या दहापैकी पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरे बरोबर आल्यामुळे अधिकाऱ्याने पुढचे प्रश्न विचारलेही नाहीत. त्यानंतर त्याने दुसरी फाईल पुढे ओढली आणि पती बाहेर बसले आहेत का, असे विचारले. ते नव्हते. परीक्षेत उत्तीर्ण, परंतु अर्जाचा निर्णय आत्ता देता येत नाही, असा कागद घेऊन ती बाहेर आली. चार महिन्यांनी दोघांना एकत्र बोलावणे आले, आणि ज्या एका दिवसाची रजा वाचवली होती ती नवऱ्याला तेव्हा काढावीच लागली. नागरिकत्वाची शपथ महिन्याभरात होईल असे गृहीत धरून तिने भारताचे तिकीट काढून ठेवले होते, तेही दंड भरून पुढे ढकलावे लागले. मुलाखतीपूर्वीच पुढच्या गोष्टींची तिकिटे काढणाऱ्यांविषयी मला फारशी सहानुभूती वाटत नाही, हे इथेच सांगून टाकतो.

मुलाखतीच्या आठवडाभर आधी आय-७५१ च्या रिसीट नंबरावरून अर्जाची स्थिती पाहायची, असा माझा शिरस्ता आहे. निकाल लागलेला नसेल, तर नोटिशीत काहीही लिहिलेले असो, जोडीदार बरोबर यायलाच हवा असे मी धरून चालतो. त्याच्याजवळ पासपोर्ट आणि ड्रायव्हिंग लायसन्स असावे, आणि आय-७५१ भरल्यानंतरच्या काळातले दोघांच्या नावांचे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये असावेत. त्याला त्या दिवशी येणे खरोखर अशक्य असेल, तर एकट्याने जाऊन फाईल अर्धवट ठेवून परतण्यापेक्षा वेळेत दुसरी तारीख मागितलेली मला परवडते.

जोडीदाराने मध्येच उत्तर देणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. साधारणतः अर्जदाराला एकट्यालाच आत बोलावतात आणि जोडीदार प्रतीक्षाकक्षात बसून राहतो. त्याला आत घ्यायचे की नाही हे अधिकारी ठरवतो. माझ्या पत्नीच्या वेळी त्याने आम्हा दोघांनाही आत बोलावले. सध्याच्या पत्त्यावर कधीपासून राहता, असे त्याने तिला विचारले, आणि ती आठवून सांगण्याच्या आत मी महिना व वर्ष सांगून टाकले. अधिकाऱ्याने सौम्य शब्दांत सांगितले, की प्रश्न त्यांना आहे. दोन प्रश्नांनंतर तिने परदेशप्रवासाची एक तारीख चुकीची सांगितली आणि मी पुन्हा दुरुस्ती केली. यावर मला बाहेर बसायला सांगण्यात आले. पंधरा-वीस मिनिटांत संपेल अशी मुलाखत तासाभराहून लांबली, कारण जे प्रश्न त्याने एरवी कदाचित विचारलेही नसते, ते त्याने आधी तिला आणि मग मला वेगवेगळे विचारले.

त्याचे काही चुकले असे मला आज वाटत नाही. अर्जदाराने मुलाखतीत खरे बोलण्याची शपथ घेतलेली असते, उत्तरांची जबाबदारी तिची असते, आणि इंग्रजी बोलण्याची परीक्षा वेगळी न घेता याच प्रश्नोत्तरांतून घेतली जाते. नवरा बोलू लागला की ती परीक्षाच होऊ शकत नाही. दुभाषाची सोयसुद्धा इंग्रजीच्या परीक्षेतून सूट मिळालेल्यांनाच असते, आणि जोडीदार तर दुभाषाही नव्हे. आता मी दोघांनाही भरलेला एन-४०० पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, एकमेकांसमोर बसून मोठ्याने वाचायला लावतो. तारखांचे मतभेद घरीच मिटतात. अर्ज भरल्यानंतर झालेला प्रवास, बदललेली नोकरी किंवा पत्ता, पोलिसांशी आलेला संबंध यांची टिपणे एका कागदावर उतरतात. जे आठवत नाही ते ‘नक्की आठवत नाही’ असे सांगणे हे प्रामाणिक उत्तर असते, हेही मी बजावून सांगतो. याउलट, टूथब्रशचा रंग आणि पलंगाची बाजू पाठ करून येणाऱ्या जोडप्यांना पाहिले की माझा संयम सुटतो. पाठ केलेले उत्तर पाठ केल्यासारखेच ऐकू येते.

तीन वर्षांची मोजणी

जोडीदाराचे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र टेबलावर आल्यानंतर त्यावरची तारीख पाहून अर्जच फेटाळला जाणे, यासारखी टाळता येण्याजोगी चूक दुसरी नाही. या नियमात तीन वर्षे तीन वेळा मोजावी लागतात : अर्जदाराकडे ग्रीन कार्ड असल्याची, दोघे विवाहित असून एकत्र राहत असल्याची, आणि जोडीदार नागरिक असल्याची. अर्ज ९० दिवस आधी करण्याची जी सवलत सर्वांना ठाऊक असते, ती पहिल्या मोजणीपुरतीच आहे. उरलेल्या दोन्ही अर्जाच्या दिवशी पूर्ण भरलेल्या असाव्या लागतात. समजा, पत्नीला ग्रीन कार्ड १ मार्च २०२१ रोजी मिळाले आणि पतीने नागरिकत्वाची शपथ १० ऑगस्ट २०२२ रोजी घेतली, तर मार्च २०२४ मध्ये घाईने भरलेला अर्ज टिकत नाही. तिला १० ऑगस्ट २०२५ पर्यंत थांबावे लागते. फेटाळलेल्या अर्जाचे शुल्क परत मिळत नाही. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार ते कागदी अर्जाला ७६० डॉलर आणि ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर आहे, आणि दिनदर्शिका फुकट पाहता येते. शिवाय ज्यांची ग्रीन कार्डावरची पाच वर्षे भरतच आली आहेत, त्यांनी तीन वर्षांच्या नियमाचा अट्टहास का धरावा, हे मला उमगलेले नाही. पाच वर्षांच्या नियमात जोडीदाराचे नागरिकत्व आणि एकत्र राहण्याचे पुरावे यांचा प्रश्नच येत नाही.

कागदांबाबतच्या चुका

जोडीदार येणार असला तरी त्याच्या नागरिकत्वाचा पुरावा, म्हणजे पासपोर्ट, प्रमाणपत्र किंवा अमेरिकेतील जन्मदाखला, मूळ प्रतीसह लागतो, आणि तो येणार नसेल तर अधिकच लागतो. दोघांपैकी कोणाचाही पूर्वीचा विवाह संपला असेल, तर त्या घटस्फोटाचा किंवा मृत्यूचा दाखला न्यावा. लोक स्वतःचा नेतात आणि जोडीदाराचा विसरतात. विवाहाचा दाखला मराठीत असेल तर त्याचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद हवा, आणि अनुवाद पूर्ण व अचूक असून आपण तो करण्यास सक्षम आहोत असे अनुवादकाचे सही केलेले निवेदन त्याला जोडावे. जुन्या पासपोर्टात मधले नाव वडिलांचे आणि नव्यात पतीचे असेल, तर ते दोन्ही पासपोर्ट बरोबर असू द्यावेत.

आयआरएसचे, म्हणजे अमेरिकी करखात्याचे, तीन वर्षांचे टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट (करविवरणाचे उतारे) न्यावेत, आणि नेण्यापूर्वी स्वतः वाचावेत. एकत्र राहणाऱ्या विवाहित माणसाने करविवरणात स्वतःला ‘सिंगल’ म्हणवले असेल, तर समोरचा अधिकारी ते वाचणारच. अशी चूक सापडली तर करसल्लागाराकडून विवरण दुरुस्त करून घेऊनच मुलाखतीला जावे. लग्नाचा जाडजूड अल्बम घरी ठेवावा. भाडेकरार, विम्याचे कागद, दोघांच्या नावाच्या खात्याची विवरणे आणि मुलांचे जन्मदाखले हे वाचायला कंटाळवाणे कागदच उपयोगी पडतात. नोकरीमुळे जोडीदार काही काळ दुसऱ्या गावी राहिला असेल, तर कंपनीचे तसे पत्र आधीच घेऊन ठेवावे; कामाच्या अपरिहार्य गरजेने आलेला दुरावा समजून घेतला जातो, लपवलेला दुरावा नाही.

लहान मुलांना बरोबर नेऊ नये.

आणखी एक चूक अलीकडे वाढू लागली आहे. काही वर्षांपूर्वी नागरिकशास्त्राची परीक्षा दिलेला जोडीदार प्रेमाने स्वतःची जुनी पुस्तिका काढतो आणि त्यातलेच शंभर प्रश्न घोकून घेतो. २० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर अर्ज केलेल्यांची परीक्षा वेगळी आहे : प्रश्नसंच १२८ प्रश्नांचा, विचारले जाणारे जास्तीत जास्त वीस, आणि उत्तीर्ण होण्यासाठी बारा बरोबर. त्यामुळे आधी अर्जाची तारीख पाहावी आणि मगच पुस्तिका उघडावी.

मुलाखत पार पडली म्हणजे काम संपले, हा समजही चुकीचा आहे. तीन वर्षांच्या नियमाने जाणाऱ्याचा विवाह शपथेपर्यंत टिकलेला असावा लागतो, आणि शपथविधीच्या दिवशी भरायच्या प्रश्नावलीत मुलाखतीनंतर वैवाहिक स्थितीत बदल झाला का, कुठे प्रवास झाला का, हे पुन्हा विचारतात. तिथे ग्रीन कार्ड परत द्यावे लागते. आमच्या वेळी ते माझ्या पाकिटात होते, मी गाडी लावायला गेलो होतो, आणि पत्नीचा रांगेतला नंबर दोनदा मागे गेला.