गर्भारपणाच्या पहिल्या आठवड्यांचं कोडिंग : या चुका टाळा

पाळी अनियमित असलेली एक गरोदर बाई रक्तस्राव होतो म्हणून इमर्जन्सीत आली. ट्रायाजच्या, म्हणजे पेशंटची निकड ठरवणाऱ्या, नर्सने लिहिलं ‘मिसकॅरेज’. सोनोग्राफीत गर्भाची लांबी ५ मिमी, ठोके दिसले नाहीत. डॉक्टरांनी शेवटी लिहिलं, ‘व्हायबिलिटी (गर्भ जिवंत आहे का) अनिश्चित, दहा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी.’ आमचं काम मेडिकल कोडिंगचं, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदीतलं निदान आणि उपचार विम्याच्या क्लेमसाठी ठरलेल्या कोडमध्ये बसवायचं. आमच्या टीममधल्या नव्या मुलीने कोड टाकला ओ०२.१, म्हणजे मिस्ड ॲबॉर्शन, गर्भ जाऊनही आतच राहिलेला. ऑडिटला तो चार्ट माझ्याकडे आला म्हणून क्लेम जाण्याआधी थांबला. पुढच्या भेटीच्या नोटमध्ये गर्भाचे ठोके लागलेले होते.

पुण्यात, नवी मुंबईत रात्रपाळीला बसून अमेरिकेतले चार्ट कोड करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या हातून ही चूक होते, आणि ती हलकी नाही. क्लेम परत येतो तो येतोच, पण तिथे आता पेशंट आपली रेकॉर्ड मोबाइलवर उघडून वाचते. पोटात बाळ असलेल्या बाईला तिथे ‘मिस्ड ॲबॉर्शन’ दिसलं, तर तिच्या जिवाचं काय होईल याचा विचार एंटर दाबण्याआधी करायचा.

त्या चार्टचा बरोबर कोड ओ३६.८०एक्स० होता, म्हणजे गर्भ जिवंत आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही. सोबत रक्तस्रावाचा ओ२०.९. रेडिओलॉजीत गर्भाची लांबी किमान ७ मिमी असून ठोके नसतील, तरच गर्भ गेल्याचं खात्रीने म्हणतात. ५ मिमीला थांबतात. हे माहीत असलं की चार्ट वाचताना शंका वेळेवर येते. पण आकड्यावरून निदान आपण करायचं नाही. लांबी ९ मिमी असली आणि डॉक्टरांनी निदान लिहिलं नसलं, तरी क्वेरीच, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्नच, पाठवायची. नर्सच्या नोटवरूनही निदान उचलायचं नाही.

‘रूल आउट’, ‘प्रॉबेबल’, ‘सस्पेक्टेड’ या खात्री नसल्याचं सांगणाऱ्या शब्दांपाशी दुसरा घोटाळा होतो. ओपीडी आणि इमर्जन्सीच्या चार्टमध्ये ‘रूल आउट एक्टोपिक’ असेल तर ओ०० या एक्टोपिकच्या (गर्भाशयाबाहेरच्या गर्भाच्या) मालिकेला हात लावायचा नाही. जे लक्षण लिहिलंय तेच कोड करायचं. डिस्चार्जच्या वेळीही निदान ‘प्रॉबेबल’ असलं तर ते पक्कं धरायची मुभा फक्त भरती पेशंटच्या हॉस्पिटल-कोडिंगला आहे. इनपेशंटवरून ओपीडीच्या कामावर आलेली मंडळी इथे हमखास अडखळतात. एक्टोपिक पक्की असेल तेव्हा बाजू बघा. ऑक्टोबर २०१७ पासून नळीतल्या गर्भाला उजवी-डावी लागते : ओ००.१०१ उजवी, ओ००.१०२ डावी. ऑपरेशन नोटमध्ये बाजू स्पष्ट असताना ‘अनस्पेसिफाइड’ टाकणं हा निव्वळ आळस आहे.

रक्तस्रावाचे शब्दही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘स्पॉटिंग’ला पहिल्या तिमाहीत ओ२६.८५१, ‘ब्लीडिंग’ला ओ२०.९, आणि ‘थ्रेटन्ड ॲबॉर्शन’ला (गर्भ पडण्याची भीती) ओ२०.०. हा शेवटचा कोड डॉक्टरांनी ते शब्द लिहिले असतील तरच.

आता ज्या जागी माझा सगळ्यात जास्त जीव अडकतो ती जागा. मराठीत ‘गर्भ पडणं’ आणि ‘गर्भ पाडणं’ यात एका कान्याचा फरक आहे आणि तो आपल्या आजीलाही कळतो. इंग्रजी वैद्यकीय भाषेत दोन्हीला ‘ॲबॉर्शन’ म्हणतात, आणि डॉक्टर घाईत नुसतं ‘एबी’ लिहून मोकळे होतात. कोडमध्ये मात्र वाटा वेगळ्या आहेत. आपोआप पडला तर ओ०३; गर्भ जाऊनही आतच राहिला तर ओ०२.१; ठरवून केलेला गर्भपात गुंतागुंतीशिवाय झाला तर झेड३३.२, गुंतागुंत झाली तर ओ०४. प्रोसिजरचंही तसंच. पहिल्या तिमाहीतल्या मिस्डसाठी ५९८२०, अपूर्ण गर्भपातासाठी ५९८१२, ठरवून केलेल्या क्युरेटिंगसाठी (डी अँड सी, गर्भाशय खरवडून रिकामं करणं) ५९८४०. नोटमध्ये ‘डी अँड सी’ एवढंच वाचून कोणी ५९८४० टाकतं, कोणी गरोदरपणाशी संबंधच नसलेला ५८१२०. अमेरिकेत जून २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गर्भपाताचे कायदे राज्याराज्यांत वेगळे झालेत, आणि सरकारी विम्याच्या पैशांवर त्याआधीपासूनच बंधनं आहेत. ज्या बाईचा गर्भ आपोआप गेला, तिच्या नावावर ‘पाडल्या’चा कोड चढवणं ही माझ्या लेखी अक्षम्य चूक आहे. ‘एबी’ दिसलं की पुढचं-मागचं वाचा, तरीही उलगडलं नाही तर विचारा.

याच घरातली आणखी एक चूक परतीच्या भेटीत होते. बाई ‘कम्प्लीट’ (गर्भ पूर्ण पडून गेला) म्हणून घरी गेली, आठवड्याने पुन्हा आली, आणि सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी ‘काही भाग आत राहिलाय’ असं निदान केलं. मागचं डिस्चार्ज निदान बघून ओ०३.९ पुन्हा टाकू नका. गर्भपात आपोआप झालेला असेल आणि वेगळी गुंतागुंत नसेल, तर ओ०३.४, आधी ‘कम्प्लीट’ लिहिलेलं असलं तरी. सोबत जंतुसंसर्ग किंवा जास्त रक्तस्राव अशी गुंतागुंत असेल, तर ओ०३.४ सोडून त्या गुंतागुंतीचा ओ०३ मधला कोड. गाइडलाइनमध्ये हे स्वच्छ लिहिलंय, तरी ऑडिटला हा मुद्दा पुन्हा पुन्हा सापडतो.

आठवड्यांचा झेड३ए कोड ओ०० ते ओ०८ च्या सोबत लावायचा नाही. ओ२० सोबत मात्र लावायचा. आणि ७ आठवडे ६ दिवस म्हणजे पूर्ण झालेले ७ आठवडे, ८ नव्हेत. तिथे ‘८ आठवड्यांपेक्षा कमी’ हाच झेड३ए.०१. ‘हायपरएमेसिस’ (गरोदरपणातल्या अति उलट्या) असं निदान असलेल्या चार्टमध्ये डिहायड्रेशनसारखा बिघाड डॉक्टरांनी लिहिला असेल तर ओ२१.१, नसेल तर ओ२१.०, पोटॅशियमच्या रिपोर्टवरून आपण ठरवायचं नाही. नव्या मुलांसाठी एक बारीकसं : ‘ओ’ हे अक्षर आहे आणि त्याच्या पुढचं शून्य आकडा. सिस्टीममध्ये दोन्ही अक्षरं टाइप केलीत तर कोड सापडणारच नाही आणि अर्धा तास वाया जाईल.

क्वेरीबद्दल थोडं. ‘डॉक्टर, हे मिस्ड ॲबॉर्शन आहे ना?’ असं लिहिलेली क्वेरी मी परत पाठवते, कारण त्यात उत्तर आपणच डॉक्टरांच्या तोंडी घालतो. त्या पहिल्या चार्टमध्ये निदानाची ओळ कोरी असती तर आम्ही असं विचारलं असतं : ‘सोनोग्राफीत लांबी ५ मिमी, ठोके नोंदलेले नाहीत, रक्तस्राव आहे. आपल्या मते या भेटीतलं निदान काय? थ्रेटन्ड ॲबॉर्शन, मिस्ड ॲबॉर्शन, व्हायबिलिटी अनिश्चित, अन्य, किंवा सांगता येत नाही.’ उत्तर येईपर्यंत चार्ट होल्डवर. टार्गेटचा दाब असतो, टीम लीडचा मेसेज येतो, तरीही होल्डवरच.

आणि प्रॉब्लेम लिस्ट, म्हणजे रेकॉर्डमधली पेशंटच्या आजारांची यादी, उघडून बघा. एकदा चुकून चढलेलं ‘मिस्ड ॲबॉर्शन’ पुढच्या प्रत्येक भेटीत कॉपी होत राहतं. पुढच्या बाळंतपणात डॉक्टर इतिहास विचारतात तेव्हा कधी न झालेला गर्भपात तिला नाकारत बसावा लागतो. तसं काही दिसलं तर कोड दुरुस्त करून थांबू नका; यादीतली नोंदही डॉक्टरांकडून काढून घ्या.