मार बसलेल्या मेंदूत नव्या पेशी मोजताना

उंदराच्या मेंदूला मार बसला की काही दिवसांत डेंटेट गायरसमध्ये, म्हणजे स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसच्या एका पट्ट्यात, पेशींचं विभाजन वाढतं. ते मोजायला बसणाऱ्याला मी आधी विचारते: जन्मलेल्या पेशी मोजायच्यात की टिकलेल्या?

1965 साली ऑल्टमन आणि दास यांनी प्रौढ उंदरांत नव्या पेशी दाखवल्या त्या किरणोत्सारी थायमिडिन (डीएनएचा एक घटक) वापरून. आपण त्याच्यासारखंच रसायन, बीआरडीयू (BrdU), वापरतो. पेशी डीएनएची प्रत काढत असताना ते थायमिडिनच्या जागी जाऊन बसतं. वजनाच्या दर किलोला 50 ते 100 मिलिग्रॅम, पोटात टोचायचं. जन्म मोजायचा असेल तर मेंदू टोचल्यावर दोन तासांत किंवा दुसऱ्या दिवशी काढा. टिकाव बघायचा असेल तर चार आठवडे थांबा, तेव्हा कुठे पेशी पक्व होऊन न्यूएन (NeuN) हे पक्व चेतापेशीची खूण असलेलं प्रथिन दाखवते. कोवळ्या चेतापेशींची खूण डबलकॉर्टिन हे प्रथिन.

तुलनेसाठी कवटी उघडलेला, पण मार न दिलेला गट हवाच. सगळ्यांचे पिंजरे सारखे ठेवा. एकात धावायचं चाक असलं तर तेवढ्यानेही नव्या पेशी वाढतात.

काप 40 मायक्रॉनचे, दर सहावा घ्या. डीएनएचे धागे सुटे झाल्याशिवाय बीआरडीयू ओळखून रंगवणारी अँटिबॉडी त्याच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून आधी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मग बोरेट बफर. आम्लातून निघालेला काप फार हळवा असतो, बारीक ब्रशनेच उचला.

मार बसलेल्या पहिल्याच मेंदूत मला भरमसाट पेशी दिसल्या आणि मी हरखून गेले. पुढे जीएफएपी आणि आयबा-1 या ग्लियाच्या खुणा लावल्यावर कळलं, बऱ्याचशा चेतापेशी नव्हत्याच, ग्लिया म्हणजे मेंदूतल्या आधारपेशी होत्या. तेव्हापासून मी कॉन्फोकलवर (थर-थर टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) प्रत्येक पेशी बाजूनेही बघते. वरून बीआरडीयूचं लाल केंद्रक हिरव्या चेतापेशीत बसलेलं वाटतं. प्रतिमा आडवी फिरवली की दोघांमध्ये काळी फट दिसते. म्हणजे चेतापेशीला चिकटलेली ती दुसरीच पेशी. अशी जोडी मोजू नका. डीएनए दुरुस्तीतही थोडं बीआरडीयू शिरू शकतं, म्हणून विभाजनाचा आकडा केआय-67 (विभागणाऱ्या पेशींतलं प्रथिन) लावून पडताळा.

हायलसमध्ये, म्हणजे डेंटेट गायरसच्या आतल्या पोकळ वळणात, भरकटलेल्या नव्या चेतापेशी मात्र वगळू नका, वेगळ्या नोंदवा. मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या याच. दुखापतीनंतरच्या फेफऱ्याच्या झटक्यांशी त्यांचा संबंध जोडला जातो.

स्लाइडवरचे सांकेतिक क्रमांक दुसऱ्याकडून लावून घ्या, म्हणजे मोजताना गट कळणार नाही. तरी मेंदूच्या वरच्या थरातला (कॉर्टेक्समधला) माराचा खड्डा गट उघड करतोच, म्हणून मोजणाऱ्याच्या हाती फक्त हिप्पोकॅम्पसपुरती कापलेली प्रतिमा द्या.