गिऱ्हाईकाला गुगल रिव्ह्यू कधी अन् कसा मागायचा

माझं वरुड तालुक्यात मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरमध्ये तांब्याची तार (कॉपर) नव्यानं भरून द्यायचं, दुकान आहे. बोअरची सबमर्सिबल जळली की लोक माझ्याकडे येतात. आधी आजूबाजूच्या गावातले यायचे, तेही ओळखीवर, आता नरखेड-काटोलकडून अन् तिकडून पांढुर्ण्याहूनही फोन येतात, आणि "भाऊ, नंबर कुठून भेटला?" विचारलं तर उत्तर एकच, गुगलवर. आपल्याकडे लय चांगले कारागीर आहेत, वेल्डिंगवाले, ट्रॅक्टर मेकॅनिक, घरगुती खानावळ चालवणाऱ्या ताई, त्यांचं काम अख्ख्या गावाला माहीत असते पण मॅपवर पाहिलं तर एकही रिव्ह्यू नाही. रात्री अकराला मोटर जळाली अन् माणूस दुसऱ्या तालुक्यातून शोधून रायला, तर तो शून्य पाहून पुढच्या दुकानाला फोन लावतो. म्हणून सांगतो मी काय करतो ते.

पहिली गोष्ट, मागायची वेळ. सुरुवातीला मी बिल घेताना म्हणायचो, "काका, जरा गुगलवर लिहा आमच्याबद्दल." कोणीच लिहिलं नाही. बिलाच्या वेळी माणसाच्या डोक्यात पैशाचा हिशोब असतो, तिकडे बाग सुकत असते, त्याला कुठं रिव्ह्यू सुचणार. आता मी शेतात मागतो. मोटर बोअरमध्ये सोडली, केबल जोडली, स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं, पाइपातून आधी हवा येते फसफस करत, मग गढूळ पाणी, मग एकदम स्वच्छ धार. आंबिया बहाराच्या संत्र्याला चार दिवस पाणी नसते, तो माणूस त्या धारेत हात घालून उभा रायतो अन् त्याचा चेहराच वेगळा असतो. तेव्हा बोलायचं. तुमच्या धंद्यात ही वेळ कोणती ते तुम्हीच ओळखा, खानावळीत भाकर दुसऱ्यांदा मागितली तेव्हा, शिवणकामात ब्लाउज घालून पाहिला अन् बरोबर बसला तेव्हा. दोन दिवसानं मागितलं तर तो आनंद उतरलेला असतो.

पण शेतात रेंज नसते ही आपली अडचण. म्हणून तिथं फक्त तोंडी विचारायचं, "दादा, संध्याकाळी लिंक पाठवतो, दोन ओळी लिवसान का?" "हाव, पाठव ना" म्हणाला की झालं, संध्याकाळी सात-आठच्या दरम्यान, जेव्हा तो घरी येऊन फोन घेऊन बसतो, तेव्हा व्हॉट्सॲपवर लिंक टाकायची. मेसेज मी एवढाच लिहितो: "नमस्कार दादा, मोटर बरोबर चालू आहे ना? काही आवाज आला तर लगेच फोन करा. कामाबद्दल जे वाटलं ते खालच्या लिंकवर लिहा, दुसऱ्या शेतकऱ्याला उपयोग होईल." आधी मोटरची चौकशी, मग लिंक. नाही लिहिलं तर आठवड्यानं एकदा आठवण, त्यापुढे नाही, माणूस कंटाळतो.

लिंक कुठून आणायची तर आधी गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलवर अन् मॅपवर दिसणारं आपल्या दुकानाचं पान, पाहिजे, ज्याला 2021 पर्यंत गुगल माय बिझनेस म्हणायचे. फुकट आहे, कोणी फोन करून पैसे मागितले तर देऊ नका. दुकान तुमचंच आहे हे पटवायला गुगल बऱ्याचदा व्हिडिओ मागते, त्यात रस्ता, बोर्ड, शटर उघडताना, आतली मशीन असं सलग दाखवायचं. मॅपवरची पिन नीट तपासा, माझी आधी भलत्याच गल्लीत होती. मग ज्या जीमेलनं प्रोफाइल काढलं त्याच जीमेलनं गुगलवर आपल्या दुकानाचं नाव टाकलं की रिव्ह्यू मागायचा पर्याय दिसतो, तिथं लिंक अन् क्यूआर दोन्ही भेटतात.

क्यूआरचं एक सांगतो. मी प्रिंट काढून लॅमिनेशन करून काउंटरवर लावला, पैशाच्या क्यूआरच्या बाजूलाच, तर लोक तोच स्कॅन करून पैसे पाठवायला लागले अन् "जात नाही बाप्पा" म्हणायचे. आता पैशाचा काउंटरवर आहे अन् रिव्ह्यूचा दाराजवळ, जिथं लोक मोटरची वाट पाहत बसतात, वर मोठ्या अक्षरात, "हा पैशाचा नाही, तुमचं मत सांगायचा आहे."

"पण मी लिहू काय?" हा प्रश्न दहातले आठ जण विचारतात. तेव्हा आपण वाक्य सांगायचं नाही, प्रश्न विचारायचे. गाव कोणतं, मोटर किती एचपीची, काय झालं होतं, किती दिवसात भेटली. एका काकांनी लिहिलं, "साडेसात एचपी, वायंडिंग जळालं होतं, सोमवारी दिली बुधवारी भेटली, कॉपर दाखवून भरलं." नुसतं "छान सेवा" लिहिलेल्या वीस रिव्ह्यूपेक्षा हा एक भारी, कारण वाचणाऱ्या शेतकऱ्याला जे पाहिजे ते सगळं त्यात आहे. टाइप करता येत नसेल तर कीबोर्डवरचं माइक दाबून मराठीत बोलायला सांगा, चालते. फोनमधलं अकाउंट पोराच्या नावानं असेल तर पोराच्या नावानं दिसेल, हरकत नाही. फक्त त्यांचा फोन हातात घेऊन आपणच लिहू नका. अन् दुकानातल्या एकाच फोनवरून सगळ्यांचे टाकू नका, गुगलला संशय येतो, रिव्ह्यू उडतात.

आता जे करायचं नाही ते. रिव्ह्यू दिला तर शंभर रुपये कमी, हे गुगलच्या नियमात बसत नाही. फक्त खूश गिऱ्हाईकालाच मागायचं अन् नाराज माणसाला टाळायचं, हेही नाही चालत. मला एका एजन्सीचा फोन आला होता, पन्नास रिव्ह्यू टाकून देतो म्हणे. माझ्या ओळखीच्या एका दुकानदारानं घेतले, त्यात लिहिणाऱ्यांची नावं आपल्याकडची नाहीतच, गावातल्या लोकांनी लगेच ओळखलं, अन् काही महिन्यात ते रिव्ह्यू गायब, पैसे गेले. भारतीय मानक ब्युरोनं 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूसाठी आयएस 19000 हे मानक काढलं, त्यातही विकतच्या रिव्ह्यूला जागा नाही. आपल्याकडं धंदा जबानीवर चालतो, ती विकत आणलेली कळली तर खरे रिव्ह्यूही खोटे वाटतात.

आणि वाईट रिव्ह्यू येणारच. मला एक स्टार आला, "आठ दिवसात परत जळली." खरं सांगतो, झोप नाही आली. दुसऱ्या दिवशी उत्तर लिहिलं, "दादा, तुमचं नुकसान झालं, आज दुपारी शेतात येतो," अन् गेलो. तिथं पाहिलं तर लाइनचा एक फेज जाऊन-येऊन करत होता अन् पॅनलमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरच, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, नव्हतं. चूक लाइनची होती पण देताना मी विचारायला पाहिजे होतं, म्हणून मजुरी घेतली नाही, फक्त कॉपर अन् प्रिव्हेंटरचे पैसे घेतले. रिव्ह्यू बदला असं मी म्हटलं नाही. त्यानं स्वतःच बदलून चार स्टार केले अन् लिहिलं की प्रिव्हेंटर बसवून घ्या. तेव्हापासून तीन फेजची मोटर आली की पहिला प्रश्न मी प्रिव्हेंटरचा विचारतो.

उत्तर चांगल्या रिव्ह्यूलाही द्या, नाव घेऊन, एका ओळीत. शिवीगाळ किंवा भलत्याच दुकानाचा रिव्ह्यू आपल्यावर पडला तर गुगलकडे तक्रार करता येते, नुसता वाईट आहे म्हणून मात्र ते काढत नाहीत. अन् एकाच दिवशी सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना लिंक पाठवू नका, आठवड्याला चार-पाच बस झाले, सीझनमध्ये जशी कामं होतात तशी.